पिंजऱ्यातलं शून्य

तपासणी केंद्रातला चहा पिताना बाई डोळे मिटून घेत. चव घेण्यासारखं त्यात काही नव्हतंच. कपाच्या काठावरची आधीच्या माणसाच्या ओठांची खूण दिसू नये, एवढ्यासाठी. चौतीस वर्षं त्या गणित शिकवत होत्या, त्यातली पंचवीस वर्षं दर उन्हाळ्यात या लांबलचक हॉलमध्ये पेपर तपासायला येत होत्या, आणि कप धुणारा माणूस या पंचवीस वर्षांत एकदाही बदलला नसावा अशी त्यांना दाट शंका होती.

किळस हा बाईंचा स्वभावच होता म्हणा ना. चिकट टेबलाची किळस, थुंकी लावून पानं उलटणाऱ्यांची किळस, आणि सगळ्यात जास्त किळस 'ट्रिक' या शब्दाची. रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर क्लासवाल्यांचे फलक लागलेले असत: दहा सेकंदांत इंटिग्रल! बाई तो फलक दिसला की तोंड फिरवत. अवघड इंटिग्रल सोडवायच्या, म्हणजे वक्र रेषेखालचं क्षेत्रफळ काढायच्या, रीती त्यांना जीव की प्राण होत्या. जो सरळ वाटेनं हाती लागत नाही तो उलट्या टोकाकडून मोजायचा, मग दोन्ही मोजण्या एकमेकींत मिळवायच्या, की अर्धा पसारा आपोआप गळून पडतो आणि उरतं ते एखादं पोरसुद्धा सोडवील. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एकट्याच खोलीत मोठ्यानं हसल्या होत्या. पण रीत वापरायची तर ती कुठं चालते आणि कुठं मोडते हे ठाऊक हवं. ते ठाऊक नसताना वापरली की तिची ट्रिक होते, आणि ट्रिक करणारा माणूस बाईंना खिसेकापूपेक्षा फारसा वेगळा वाटत नसे.

तपासणीची पद्धत ठरलेली होती. पहिल्या दिवशी सकाळी मुख्य नियामक माइकवरून आदर्श उत्तरपत्रिका वाचून दाखवत. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर, पायरीपायरीचे गुण. मग एक कागद टेबलाटेबलावरून फिरे आणि सगळे परीक्षक त्यावर 'मान्य' म्हणून सही करत. सही झाली की विषय संपला. नंतर कोणाला काही खुपलं तर आक्षेपाचा एक नमुना होता, तो तिसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत मुख्य नियामकांच्या शिफारशीनं वर जायला हवा. तो नमुना भरलेला आजवर कोणी पाहिला नव्हता.

या वर्षीचा मुख्य नियामक बाईंचाच विद्यार्थी होता. बाईंनी त्याला तेव्हा 'टिपकागद' म्हणायला सुरुवात केली होती, कारण फळ्यावर जे पडेल ते तो शोषून घेई. खडूचा चुकून उमटलेला ठिपकासुद्धा त्याच्या वहीत सापडे. आता तो पंचेचाळिशीचा, कॉलेजात विभागप्रमुख, दोन जाड पुस्तकांचा कर्ता, आणि अंगाला अत्तराचा वास. पहिल्या दिवशी तो माइकवरून उत्तरं वाचत होता तेव्हा बाई शिपायाशी कपावरून भांडत होत्या. कागद आला, बाईंनी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सातव्या प्रश्नाचा गठ्ठा त्यांच्यापुढे आला. सहा गुणांचा प्रश्न. शून्यापासून पायपर्यंतचं इंटिग्रल: एक भागिले, एक अधिक कॉसवर्ग एक्स.

पहिल्या पेपरात पोरानं सुबक अक्षरात वर-खाली कॉसवर्गानं भागलं होतं, टॅन एक्सला टी मानलं होतं. मग लिमिट बदलल्या होत्या. शून्याचा टॅन शून्य, पायचा टॅनही शून्य. शून्यापासून शून्यापर्यंत. उत्तर शून्य. त्या शून्याभोवती दुहेरी चौकट, आणि चौकटीवर मधोमध एक गोल कडी.

"शी!" बाई मोठ्यानं म्हणाल्या आणि त्यांनी शून्यावर लाल फुली मारली.

"अहो अहो, काय करताय?" शेजारचे मास्तर खुर्चीसकट सरकले. यांना सगळे 'पेन्सिलमास्तर' म्हणत. गुण आधी पेन्सिलीनं द्यायचे आणि वारा कुठला वाहतो ते पाहून मगच त्यावर शाई फिरवायची, ही त्यांची आयुष्यभराची रीत होती. "बरोबर आहे ते. सहा द्या."

"बरोबर? मास्तर, हा अपूर्णांक, एक्स काहीही घ्या, अर्ध्याच्या खाली कधी जातो का? वर एकापर्यंत जातो. सगळं धन आहे. पायइतक्या लांबीवर अर्ध्याहून उंच भिंत उभी केलीय, आणि तिचं क्षेत्रफळ शून्य? अहो, दीड आणि सव्वातीनच्या मधेच यायला हवं ते कुठंतरी. हिशेब न करतासुद्धा कळतं!"

"ते खरं असेल हो. पण आन्सर-की मध्ये शून्य आहे."

बाईंनी आदर्श उत्तरपत्रिका ओढून घेतली. प्रश्न सात. टॅन, टी, लिमिट सारख्या, म्हणून शून्य. छापील, स्वच्छ, आणि शेवटच्या पानावर मान्य म्हणून केलेल्या सह्यांच्या रांगेत बाईंची सही, नेहमीसारखी ऐटबाज.

चूक शाळकरी होती, असंही म्हणता येत नाही. ती याच धंद्यातल्या माणसांनी करावी अशी होती. टॅन मधोमध, बरोबर निम्म्यावर, अनंताला जातो आणि पलीकडे खालून परत येतो. रस्ता तिथं तुटलेला आहे. तुटलेल्या रस्त्यावर दोन टोकांच्या पाट्या सारख्या दिसल्या म्हणून आपण चाललोच नाही असं म्हणायचं? निम्म्यावर तोडायचं, एकाच भागाचं काढायचं, दुप्पट करायचं. पाय भागिले वर्गमूळ दोन. सव्वादोनच्या जरा अलीकडे. तीन ओळींचं काम.

"लोक झोपेत पेपर काढतात का?" बाई म्हणाल्या.

"हळू बोला. पेपर साहेबांनीच काढलाय." पेन्सिलमास्तरांनी मानेनं मुख्य नियामकाच्या केबिनकडे खूण केली. "आणि आपण सगळ्यांनी सह्या केल्यात. आता कुठं घोडं अडवता? द्या सहा आणि व्हा मोकळ्या."

बाईंनी पुढचा पेपर उघडला. शून्य, दुहेरी चौकट, वर कडी. पुढचा. शून्य, चौकट, कडी. पोरं वेगळी, अक्षरं वेगळी, कोणाची शाई फुटलेली, पण चौकट सगळ्यांची एकाच साच्यातून काढलेली. कडी एकही जण विसरला नव्हता. बाईंना उष्ट्या ताटात जेवल्यासारखं वाटायला लागलं.

"ही चौकट काय भानगड आहे?"

"क्लासवाले शिकवतात," पेन्सिलमास्तर म्हणाले. "उत्तर असं चौकटीत ठेवलं की परीक्षक खूश होतो म्हणे. सगळ्या नोट्समध्ये आहे. वर्षानुवर्षं आहे."

गठ्ठ्यातला तेरावा पेपर मात्र निराळा निघाला. त्यातही आधी टॅन होता, टी होता, शून्य होतं, चौकट होती, कडीसुद्धा होती. पण त्या सगळ्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पोरानं की पोरीनं स्वतःच्याच पेननं एक फुली मारली होती. शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सगळीकडे अर्ध्यापेक्षा जास्त आहे. मग शून्य कसं?' आणि खाली, नव्यानं, निम्म्यावर तोडून, दोन भाग सारखे आहेत हे दाखवून: पाय भागिले वर्गमूळ दोन. त्याला चौकट नव्हती. वेळ संपत आला असावा, अक्षर शेवटी पळत सुटलं होतं.

बाई किती तरी वेळ त्या फुलीकडे बघत राहिल्या.

"याला दोन," पेन्सिलमास्तर वाकून म्हणाले. "टॅन घेतल्याचे दोन. बाकी की प्रमाणे चूक."

"चार गुण जातील याचे."

"जातील. चार गुणांत कुठल्या कुठं जातो मुलगा, मला माहीत नाही का? इकडचं कॉलेज तिकडं होतं. पण आपण की च्या बाहेर गेलो तर उद्या खुलासा आपल्यालाच द्यायला लागतो."

शिपाई गोळा केलेले गठ्ठे मोजत टेबलाशी येऊन उभा राहिला. बाईंनी पेन उचललं आणि दोन लिहिलं. कोणी हात धरून लिहून घेतलं नव्हतं. स्वतःच्या हातानं, लाल शाईनं, दोन. लिहिल्यावर त्यांनी तो हात टेबलाखाली घेतला आणि साडीला पुसला.

घरी त्यांचे यजमान स्वयंपाकघराच्या टेबलावर भाजी निवडत बसले होते. ते मोजणीदार होते, आता निवृत्त. चाळीस वर्षं साखळी आणि फूटपट्टी घेऊन लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या, आणि भाजीच्या काड्यासुद्धा ते एका लांबीच्या तोडत.

"काय झालं? चेहरा असा का, पाल पडल्यासारखा?"

बाईंनी सांगितलं. यजमानांनी काडी खाली ठेवली.

"जमीन आहे, तिला रुंदी आहे, उंची आहे, आणि क्षेत्र शून्य? माझ्या साहेबानं मला उभा जाळला असता. कोण आहे हा गाढव?"

"एक नाही हो, कळप आहे. चारशे पोरं असतील नुसती आमच्या हॉलमध्ये. शून्य काढतात ते काढतात, वर त्याला सजवतात." बाईंनी वर्तमानपत्राच्या कडेला ती चौकट काढून दाखवली. "हे असं. सगळे. मेंढरं मेली!"

यजमानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद उलटासुलटा केला.

"हा उंदराचा पिंजरा कशाला काढलास?"

"पिंजरा कुठला? चौकट आहे ती."

"चौकटीला वर कडी कशाला लागते? ही उचलायची कडी आहे. हे दुहेरी केलंय ते गज." ते हसले. "तूच नव्हतीस का काढायचीस, वर्गात? घरी येऊन सांगायचीस, आज पोरांना पिंजरा लावून आले म्हणून. आईला वाटायचं, शाळेत उंदीर झालेत."

बाईंच्या हातातला पेला टेबलावर टेकला तो जरा जोरातच.

अठ्ठावीस वर्षं झाली होती. तेव्हा त्या तरुण होत्या, उत्साहाचं भूत अंगात होतं. त्यांची एक खास पद्धत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. वर्षातून दोन-तीनदा त्या फळ्यावर अख्खं गणित चुकीचं सोडवत. अगदी गोड, गुळगुळीत, कुठं खडा लागू नये असं. चुकलेल्या उत्तराभोवती पिंजरा काढत आणि काही न बोलता तास संपवत. पोरं निमूट उतरवून घेत. दुसऱ्या दिवशी बाई येत, तेच गणित पुन्हा फळ्यावर लिहीत, आणि एकच प्रश्न विचारत. मग पोरांचे चेहरे पडत, मग हशा पिके, आणि मग बाई पिंजऱ्यावर खडू मोडेपर्यंत फुली मारत. ती चूक पुन्हा त्या वर्गातलं कोणी जन्मात करत नसे.

हे टॅनचं गणित त्यांनी एका शुक्रवारी लावलं होतं. फुली सोमवारी मारायची होती. रविवारी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, मांडीचं हाड मोडलं. बाई नऊ दिवस शाळेत गेल्या नाहीत. दहाव्या दिवशी गेल्या तेव्हा डोळ्यांत झोप होती, अभ्यासक्रम मागं पडला होता, आणि त्यांनी वर्गात शिरतानाच विचारलं होतं, "कुठवर आलो होतो रे?"

पहिल्या बाकावरून टिपकागद उठून म्हणाला होता, "टॅनचा प्रकार झाला बाई. पूर्ण झाला."

आणि त्यांनी पुढचा धडा उघडला होता.

"आठवलं वाटतं," यजमान म्हणाले.

दिवसभर ज्यांना मेंढरं म्हटलं, झोपेत पेपर काढतात म्हटलं, ज्यांच्या चौकटीला नाक मुरडलं, ती सगळी घाण आपल्याच मोरीतून वाहत गेली होती. त्या उठल्या आणि त्यांनी हात धुतले. मग आणखी एकदा धुतले.

"आता सांगून काय होणार आहे?" यजमान म्हणाले. "सहा महिने राहिलेत तुझे. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"एका पोरानं एकट्यानं फुली मारलीय त्यावर. आणि मी त्याला दोन दिले."

यजमानांनी पुन्हा भाजी जवळ ओढली. एक काडी तोडून म्हणाले, "मग जा बाई. चुकीचा खांब रोवला की पुढच्या सगळ्या हद्दी चुकतात. उपटायला जो तो शिव्या देतो, पण उपटावा लागतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बाई टिपकागदाच्या केबिनमध्ये गेल्या. तो अदबीनं उभा राहिला. खुर्ची स्वतः पुढं केली.

"सातवा प्रश्न चुकलाय," बाई उभ्यानंच म्हणाल्या.

"बाई, तुम्हीच असं म्हणायचं?" तो हसला. त्यानं खणातून प्लॅस्टिकचं वेष्टण घातलेली एक निळी वही काढली, देवाची पोथी उघडावी तशी उघडली. "हे बघा. मी जपून ठेवलीय. माझी पहिली शिकवणी या वहीवर चालली, माझं पुस्तक या वहीवर निघालं. बाकीच्यांनी माझ्यावरून उचललं. पण मूळ तुमचं. खाली तारीखसुद्धा आहे."

तारीख होती. शुक्रवारची. पिंजरा होता, कडी होती, फळ्यावर खडू निसटून एक जादा ठिपका पडला असणार, तोही होता.

"अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी याच्यात एक्सची किंमत घालून पाहिलीस?"

"तुम्ही दिलेलं उत्तर मी तपासायचं?"

"शून्य घाल. किती येतं?"

"अर्धा."

"निम्म्यावर, पायच्या अर्ध्यावर?"

"एक."

"शेवटी?"

"अर्धा." बाईंना त्याच्या डोळ्यांत ते उतरताना दिसलं. त्याचं डोकं मुळात चांगलं होतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. त्यानं वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. अत्तराच्या वासात घामाचा वास मिसळायला लागला.

"टॅन मधे तुटतो," तो पुटपुटला.

"तुटतो. आता आक्षेपाचा नमुना काढ. बारापर्यंत वर जायला हवा."

टिपकागदानं उठून दार लोटून घेतलं, आणि परत आला तो निराळाच माणूस.

"बाई, जरा व्यवहारानं बघा. पेपर मी काढला, की मी केली. वरच्या जागेसाठी माझं नाव गेलंय, या महिन्यात ठरणार आहे. आणि आक्षेप कोणाचा? तुमचा? तुमची सही आहे 'मान्य' म्हणून. विचारतील, परवा झोपल्या होतात का? शिवाय बरोबर उत्तर काढणारी पोरं किती? शंभरात दोन. त्यांच्यासाठी शंभरांचं नुकसान करायचं? बहुसंख्यांना सहा-सहा मिळतायत, मिळू देत ना."

"म्हणजे चुकलंय हे तुला कळलं."

"कळलं."

"तरी जाऊ द्यायचं."

"बाई, तुम्ही नेहमीच फार सोवळ्या."

बाईंना त्या क्षणी त्याच्या अत्तराची, निळ्या वहीची, त्या वहीवरच्या प्लॅस्टिकचीसुद्धा इतकी शिसारी आली की त्यांनी पदर नाकाला लावला. पण घाण कुठून वाहत आली ते ठाऊक असताना नाक तरी कोणापुढं मुरडायचं? त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"नमुना दे."

"मी शिफारस करणार नाही, आधीच सांगतो."

"दे तर खरा."

नमुन्यात तीन रकाने होते. आक्षेप. योग्य उत्तर. चुकीचं कारण व जबाबदार व्यक्ती. पहिले दोन बाईंनी दोन मिनिटांत भरले. तिसऱ्याशी त्यांचं पेन थोडं थांबलं. मग त्यांनी लिहिलं: 'सदर उदाहरण मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी वर्गात मुद्दाम चुकीचं सोडवलं व दुरुस्त करायचं राहिलं. तेच पुढे प्रचारात आलं. आदर्श उत्तरपत्रिका न तपासता मी सही केली. जबाबदार: मी.' खाली पूर्ण नाव, हुद्दा.

टिपकागदानं कागद फिरवून वाचला. एकदा वाचला, मग तिसरा रकाना पुन्हा वाचला. त्याच्या चेहऱ्यावरचा घाम वाळला. डोळे चमकले. परीक्षेत येणारा प्रश्न आदल्या दिवशी कळलेल्या पोरासारखं त्याचं तोंड झालं.

"हे... हे असं असेल तर प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "म्हणजे मी फक्त प्रमाणभूत संदर्भ वापरला, आणि संदर्भातच..." त्यानं खिशातलं जाड सोनेरी पेन काढलं आणि शिफारशीच्या जागी भराभर सही केली. सहीला नेहमीच्या निम्मासुद्धा वेळ लागला नाही. "बाई, याला मोठेपणा म्हणतात. आजकाल कोण करतं असं? अरे, बाईंना चहा आण! चांगला आण, स्वच्छ कपात!"

"नको," बाई म्हणाल्या. "किळस येते मला."

"कपाची ना? सांगतो त्याला."



साडेअकराला वरून फोन आला. आक्षेप मान्य, की दुरुस्त, सातवा प्रश्न सर्वांनी पुन्हा तपासावा. त्या परीक्षिकेला मात्र यापुढे तपासणीला बोलावू नये. टिपकागदानं माइक हातात घेतला.

"एका ज्येष्ठ शिक्षिकेच्या हातून पूर्वी झालेल्या चुकीमुळे," तो म्हणाला, आणि नाव न घेता बाईंच्या टेबलाकडे पाहिलं. सगळा हॉल वळला. "सातव्या प्रश्नाचं उत्तर बदलत आहे. या निमित्तानं मी तरुण परीक्षकांना एवढंच सांगेन की कोणाचंही, अगदी आपल्या गुरूचंही, नुसतं उतरवून घेऊ नका. किंमत घालून पाहा. गणितात श्रद्धा चालत नाही."

टाळ्या पडल्या. खरोखर पडल्या. पेन्सिलमास्तरांनीही दोन वाजवल्या, मग बाईंकडे बघून हात मांडीवर ठेवले.

"चोराच्या उलट्या बोंबा," ते हळूच म्हणाले.

"चोर तो नाही हो," बाई म्हणाल्या. "त्यानं फक्त उतरवून घेतलं."

पेन्सिलमास्तरांनी खोडरबर काढलं आणि आपल्या गठ्ठ्यातले सहा-सहा गुण खुशाल पुसायला लागले. "बघा, म्हणून मी पेन्सिल वापरतो," असंही म्हणाले. बाईंना हसू आलं नाही.

त्यांनी आपला गठ्ठा सोडला आणि तेरावा पेपर आधी काढला. लाल दोनवर आडवी रेघ ओढली, सहा लिहिलं, बाजूला छोटी सही केली. पोराची ती फुली अजून तशीच होती, तिरकी, घाईची, कागद जरा फाडून गेलेली. अठ्ठावीस वर्षांत बाईंच्या त्या पिंजऱ्यावर फुली मारणारं कोणी त्यांच्या पाहण्यात आलं असेल तर हे एकटंच, आणि तेही कोणी न सांगता. बाईंनी त्या फुलीवरून बोट फिरवलं.

मग त्यांनी बाकीचे पेपर घेतले. पहिल्या पेपरावरची फुली होतीच. पुढच्यावर नवी मारली. सहाचे दोन केले. या पोरांचं काय चुकलं होतं? शिकवलं तेच त्यांनी लिहिलं होतं, नेमकं, कडीसकट. काल हीच पोरं मेंढरं वाटली होती. आज प्रत्येक फुलीला बाईंना स्वतःच्याच हाताची किळस येत होती, आणि तरी हात थांबवून चालणार नव्हतं.

तिसऱ्या पेपरावर फुली मारून झाल्यावर त्या थांबल्या. समासात, लाल शाईनं, त्यांनी लिहिलं: 'सगळं धन असताना बेरीज शून्य कशी?' चौथ्यावरही तेच लिहिलं. पाचव्यावरही.

पेन्सिलमास्तरांनी मान लांब केली. "बाई, गुणांशिवाय काही लिहायचं नसतं. आणि पोरांना हे पेपर परत थोडेच मिळणार आहेत? गोदामात जाणार, दोन वर्षांनी लगदा होणार. कोण वाचणार आहे?"

"कोणी नाही."

"मग कशाला लिहिताय?"

"सोमवारचा तास राहिलाय माझा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सहावा पेपर पुढे ओढला.